पंधरा वर्षे आणि एक ठिपका

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान लाखो लघुग्रह फिरतात, हे तुम्ही वाचले असेल. १८०१ ते १८०७ या काळात सेरेस, पॅलस, जूनो आणि वेस्टा हे त्यांपैकी पहिले चार सापडले. पुढे मात्र ३८ वर्षे एकही नाही! आणखी लघुग्रह नसावेतच, असे समजून बहुतेक ज्योतिर्विदांनी शोध सोडून दिला.

कार्ल लुडविग हेंके याने मात्र तो सोडला नाही. त्याचा जन्म १७९३ साली प्रशियातील ड्रीझेन या गावी झाला. (हे गाव आज पोलंडमध्ये आहे.) तो ना प्राध्यापक, ना एखाद्या वेधशाळेचा संचालक; टपालखात्यात नोकरी करणारा साधा माणूस! १८३० च्या सुमारास त्याने घरच्या दुर्बिणीतून शोध सुरू केला.

पण लघुग्रह ओळखायचा कसा? दुर्बिणीतूनही तो ताऱ्यासारखाच ठिपका दिसतो. फरक एवढाच, की तारे आपापसांतली जागा सोडत नाहीत. लघुग्रह मात्र त्यांच्यामधून रात्रीगणिक सरकत जातो. हजारो ठिपक्यांत नवखा कोणता हे कळायला जुने सगळे माहीत हवेत. त्या सुमारास बर्लिनची विज्ञान अकादमी मंद ताऱ्यांचे नकाशे तयार करवून घेत होती. हेंके असे नकाशे आकाशाशी ताडून पाही आणि सुटलेले तारे त्यांत स्वतः भरी.

अशी पंधरा वर्षे गेली. ८ डिसेंबर १८४५ च्या रात्री वृषभ राशीत, नकाशातील रिकाम्या जागी, त्याला एक मंद ठिपका दिसला. त्याने बर्लिनला कळवले. काही दिवसांतच तेथील ज्योतिर्विदांना तो ठिपका सरकलेला आढळला. हाच पाचवा लघुग्रह, ॲस्ट्रिया! १८४७ मध्ये हेंकेनेच सहावा, हीबी, शोधला. मग इतरही पुन्हा शोधाला लागले आणि १८६८ मध्ये लघुग्रहांची संख्या शंभरावर गेली.

मग आधीची पंधरा वर्षे वाया गेली असे म्हणायचे का? मुळीच नाही. ओळखीचे आकाश पाठ होते, म्हणूनच अनोळखी ठिपका डोळ्यांत भरला.

तुम्हीही करून पाहा. हिवाळ्यात रोहिणी आणि कृत्तिका यांच्यामधले तारे वहीत टिपा आणि दर आठवड्याला आकाशाशी ताडून पाहा. एखाद्या वर्षी तेथे एखादा ग्रह पाहुणा म्हणून येईल. तो कोणी न सांगता तुम्हांला ओळखता आला पाहिजे!