ओळख आणि वशिला

मुलगा पदवीधर झाला की पुष्कळ घरांत पहिला प्रश्न निघतो, "आता कोणाचा वशिला लावायचा?" वशिला आणि व्यवसायातील ओळख या वस्तू निराळ्या आहेत. वशिल्यात एकजण मागतो व दुसरा उपकार करतो. ओळखीत दोघेही एकमेकांच्या कामी पडतात. ज्या घरात पहिल्यानेच कोणी पदवी घेतली, तेथे कचेऱ्यांतील मंडळींची ऊठबस नसते. अर्जाची मुदत कधी सरते, कोणत्या कामाला माणसे हवी आहेत, हे तेथे उशिरा कळते. हुशार मुलगाही अशाने मागे पडतो.

कामाने ओळखी कशा जुळतात, याचे उदाहरण आपल्या हैदराबादेतच आहे. उस्मानिया विद्यापीठात उर्दूतून उच्च शिक्षण द्यावयाचे ठरले, तेव्हा पाठ्यपुस्तके नव्हती. म्हणून १९१७ साली 'दारुत्तर्जुमा' हे भाषांतर खाते निघाले आणि मौलवी अब्दुल हक त्याचे पहिले प्रमुख झाले. शास्त्र जाणणाऱ्यास शब्द घडविता येत नसे, भाषापंडितास शास्त्र ठाऊक नसे. म्हणून परिभाषा ठरविण्यास दोघांना एकत्र बसवीत. याच अब्दुल हकांनी औरंगाबादेहून अंजुमन तरक्की-ए-उर्दूचे काम चालविले आणि १९२१ पासून 'उर्दू' हे त्रैमासिक काढले. दूरदूरचे लेखक व अभ्यासक अशा नियतकालिकाने परस्परांना परिचित राहतात.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली. कालपर्यंत एका शिक्षणखात्यातले शिक्षक आंध्र प्रदेश, मुंबई व म्हैसूर अशा तीन राज्यांचे झाले. केवळ कचेरीने जोडलेली ओळख अशा वेळी कचेरीबरोबरच सरते. ज्यांच्यात पुस्तकांची, टिपणांची, अनुभवाची देवघेव असते, त्यांची पत्रे मात्र सरहद्द ओलांडूनही चालू राहतात.

मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञांनी अमेरिकेतील न्यूटन या गावी चौकशी करून १९७३ साली एक निबंध प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी शेकडा सुमारे १७ जणांनाच ती वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून मिळाली होती. बाकीच्यांना अधूनमधून वा क्वचित भेटणाऱ्यांकडून. कारण उघड आहे. रोजच्या सोबत्यांना बहुधा आपल्याला ठाऊक असते तेच ठाऊक असते. सुलतान बाजारची मंडळी सुलतान बाजारात आणि पथरगट्टीची पथरगट्टीतच बसली, तर मुसी नदीपलीकडची वार्ता कोणी आणावी? म्हणून भाषा, मोहल्ला व धर्म यांच्या पलीकडे ओळखी असाव्यात.

त्या राखाव्या कशा? मोबाईलमध्ये नुसता क्रमांक ठेवून भागत नाही. माणूस काय काम करतो, कोठे भेटला, त्याला कशाची गरज होती, हे वहीत टिपून ठेवावे. ईद-दिवाळीच्या शुभेच्छा जरूर द्याव्यात. परंतु त्याच्या उपयोगाची एखादी बातमी अधिक मोलाची. पहिल्याच भेटीत नोकरी मागू नये, माहिती विचारावी. कोणी सल्ला दिला, तर पुढे काय झाले ते यश येवो वा अपयश, त्यास अवश्य कळवावे. आमची मुले चुकतात ती बहुधा येथेच. आणि नालायकाची शिफारस कधी करू नये. ती एकदा केली म्हणजे पुढच्या लायक मुलासाठी लिहिलेली आपली चिठ्ठीही कोणी वाचत नाही.

न्यासाच्या या महोत्सवी वर्षी आमची एक सूचना आहे. आजवर ज्यांनी शिष्यवृत्ती घेतली, त्यांची व्यवसायवार नोंदवही, त्यांच्या संमतीने, न्यासाने तयार करावी. नर्सबाई, हिशेबनीस, वकील, विजेचे काम करणारा, सर्वांची नावे तीत असावीत, आणि प्रत्येकाने वर्षातून एक तास नव्या विद्यार्थ्यांसाठी द्यावा. फीचे पैसे न्यास देतच आहे. शिक्षण संपल्यावर कोणते दार ठोठवावे, हे सभासदांनी सांगितले तर त्या पैशाचे खरे चीज होईल.