कुतचे कैदी : रास-अल-ऐनचे रूळ

मागच्या भागात आपण पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमाराला तुर्कांनी ब्रिटिश-हिंदी फौजेला घातलेल्या वेढ्यापाशी थांबलो होतो. २९ एप्रिल १९१६ रोजी जनरल टाउनशेंडने तुर्कांपुढे शस्त्रं खाली ठेवली आणि सहाव्या पुणे डिव्हिजनची सुमारे १३ हजार माणसं कैद झाली. १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी त्यांत होत्या. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी घरांमधली पोरं होती ती.

कैदी झाली तेव्हाच ही माणसं अर्धमेली होती. वेढा जवळपास पाच महिने चालला. धान्य आटलं तेव्हा घोडे आणि खेचरं कापून मांस वाटलं गेलं. हिंदी शिपायांपैकी बहुतेकांनी ते कित्येक आठवडे शिवलं नाही. याला कुणी आडमुठेपणा म्हणेल, मला म्हणवत नाही. परतायचं होतं ते गावात, आणि तिथल्या पंगतीत आपलं पान मांडलं जाईल का, हा प्रश्न त्यांच्यासाठी भुकेइतकाच खरा होता. हिरड्या सुजल्या, पाय लटपटू लागले, आणि अशा अंगाने त्यांना चालायला लावलं.

बगदादहून समारापर्यंत आगगाडी होती. तिथून पुढे मोसुल, नुसायबिन, रास-अल-ऐन असं शेकडो किलोमीटरचं रखरखीत वाळवंट. अंमलदारांची सोय वेगळी झाली होती. शिपाई मात्र पायी निघाले. वाटेत भाकरीसाठी अंगावरचे कपडे विकले, बूट विकले, आणि मग अनवाणी चालले. जो मागे पडला तो बहुधा कायमचाच मागे राहिला.

रास-अल-ऐनला येऊन रूळ संपत होते. जर्मन अभियंत्यांच्या देखरेखीखाली बगदाद रेल्वे तिथून पूर्वेकडे सरकवायची होती, आणि मजूर कमी होते. ब्रिटिश शिपायांपैकी बरेच जण अमानुस डोंगरातल्या बोगद्यांवर धाडले गेले, हिंदी शिपाई मुख्यतः इथे. माती खणायची, भराव घालायचा, खडी फोडायची, रूळ उचलायचे. काल ज्यांच्याशी लढले, त्यांच्याच फौजेला रसद पोचवणारा लोहमार्ग हे कैदी बांधत होते.

कैद्याला कामाला लावणं मुळातच बेकायदा नव्हतं, हे इथे समजून घ्यायला हवं. १९०७ च्या हेग नियमावलीतलं सहावं कलम शिपायांकडून काम करून घ्यायला परवानगी देतं. काम झेपेल इतकंच असावं, लढाईच्या कारवायांशी त्याचा संबंध नसावा आणि मजुरी मिळावी, अशा अटी मात्र आहेत. अंमलदारांना कामातून पूर्ण सूट आहे. रास-अल-ऐनला पाळली गेली ती मुख्यतः ही सूट. टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला, आणि बंदिवासातच ब्रिटिश सरकारने त्याला ‘सर’ केलं.

छावणीत हगवण, हिवताप आणि टायफस. कैद्यांवर उपचार करणारे कॅप्टन कल्याण मुखर्जी १९१७ मध्ये तिथेच तापाने गेले. तिथल्या इस्पितळात राबणारे शिशिर सर्वाधिकारी वाचले. त्यांनी आपल्या रोजनिशीची पानं फाडून बुटात लपवून नेली होती आणि पुढे त्यावरून बंगालीत ‘अभि ले बगदाद’ लिहिलं. मराठा पलटणींतल्या एखाद्या शिपायाची अशी वही माझ्या पाहण्यात नाही. ही उणीव मला फार बोचते, कारण त्या खडीवर त्यांचेही हात फुटले होते.

ब्रिटिश शिपाई कैद्यांपैकी निम्म्याहून बरेच अधिक मेले. हिंदी शिपायांची मोजदाद तर कधी नीट झालीच नाही. मेसोपोटेमियात पडलेल्या आणि थडगं न लाभलेल्या सैनिकांसाठी पुढे बसरा इथे स्मारक उभारलं. त्याच्या शिळांवर हिंदी पलटणींतल्या अंमलदारांची नावं कोरली आहेत. त्याखाली साध्या शिपायांसाठी नाव नाही. पलटणीपुढे फक्त आकडा आहे.