साडेअकरा पौंडांचा हिशेब

नाते गावात एका घरी गेलो तेव्हा ओटीवर शंभर पानी वही उघडी पडली होती. डाव्या बाजूला खर्चाच्या बाबी, उजव्या बाजूला आकडे, आणि खाली दोन रेघा मारून बेरीज: २८,६६,०००. बेरीज तीनदा तपासलेली दिसत होती, कारण कागद त्या जागी चुरगळला होता. मुलगी लोणेऱ्याच्या तंत्रशास्त्र विद्यापीठातून इंजिनिअर झालेली, तिला जर्मनीतल्या एका सरकारी विद्यापीठात एमएसला प्रवेश मिळालेला. वडील महाड एमआयडीसीत पाळीवर जाणारे. मी बँकेत कर्ज विभागात आयुष्य काढलं, म्हणून त्यांनी मला बोलावलं होतं. वही माझ्यापुढे सरकवत ते म्हणाले, “भाऊ, एवढं जमेल का, तेवढं सांगा.”

जमेल की नाही हे त्या बेरजेवरून कळत नव्हतं. वहीत एक रकाना कमी होता. कुठला पैसा कुठल्या महिन्यात लागणार, हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. परदेशी शिक्षणाच्या वाटेवर अडलेली जी घरं मी पाहिली, त्यांतली बहुतेक एकूण रकमेमुळे अडली नव्हती. जूनमध्ये हवा असलेला पैसा सप्टेंबरात आला म्हणून ती अडली होती.

हे बोलणं नात्याच्या ओटीवर व्हावं याचं मला फार अप्रूप वाटलं. रायगडाकडे जाणाऱ्या वाटेवरचं हे गाव चिंतामणराव देशमुखांचं जन्मगाव. १८९६ साली ते इथे जन्मले. वडील रोह्याला वकिली करायचे. १९१२ साली चिंतामणराव मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिजच्या जीझस कॉलेजात वनस्पतिशास्त्राचं बक्षीस पटकावलं आणि १९१८ साली आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले. १९४३ साली ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. रुपयाची राखण करणारा माणूस या गावाने दिला.

तरी पैशाच्या वेळापत्रकाचा धडा घ्यायचा तर नात्याहून उलट महाडला यावं, चवदार तळ्याच्या काठावर उभं राहावं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर या तळ्याचं पाणी प्यायले तेव्हा त्यांच्या गाठीला कोलंबिया आणि लंडन या दोन विद्यापीठांच्या पदव्या होत्या आणि ते बॅरिस्टरही होते. त्या कशा मिळाल्या याची पैशाच्या बाजूने गोष्ट आपण फार कमी सांगतो.

१९१३ साली सयाजीराव गायकवाडांच्या बडोदा संस्थानाने त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. मुदत तीन वर्षं. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करण्याचा करार. तेव्हा पौंड पंधरा रुपयांना पडायचा, म्हणजे महिन्याला साधारण पावणेदोनशे रुपये झाले. त्या पैशावर ते न्यूयॉर्कला राहिले, १९१५ साली एमए झाले, १९१६ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातलं. मग १९१७ साली शिष्यवृत्तीची वाढवून मिळालेली मुदतही संपली. प्रबंध अर्धवट होता आणि बुद्धी, कष्ट, इच्छा यांत काहीच उणं नव्हतं. पैसा संपला म्हणून त्यांना परतावं लागलं.

पण परतण्याआधी त्यांनी विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवली. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी केली, पगारातून बचत केली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मदत घेतली, नवल भथेना या पारशी मित्राकडून उसने घेतले, आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठलं. शिष्यवृत्ती, स्वतःची बचत, राजाश्रय आणि मित्राचं कर्ज या चार ठिकाणच्या पैशांतून ते शिक्षण पुरं झालं. बाहेर शिकायला निघालेल्या मुलाने ‘एकच मोठी शिष्यवृत्ती मिळाली तरच जाईन’ असं म्हणू नये, हे मी एवढ्याचसाठी सांगतो.

याच काळात रुपयाने काय केलं तेही पाहा. १९२०च्या सुरुवातीला रुपयाचा भाव अडीच शिलिंगांच्या वर गेला होता. वर्षभरात तो कोसळून दीड शिलिंगाच्याही खाली आला. दोन शिलिंगांच्या भावाने पौंड दहा रुपयांना मिळतो, एक शिलिंग चार पेन्सच्या भावाने पंधरा रुपयांना. मुंबईत रुपयांत साठवून लंडनमध्ये पौंडांत खर्च करणाऱ्या विद्यार्थ्याची बचत त्या वर्षात कशी आटली असेल! बाबासाहेबांच्या डीएस्सीच्या प्रबंधाचा विषयही रुपयाचाच होता, आणि १९२३ साली तो पुस्तकरूपाने निघाला.

आता पुन्हा त्या वहीकडे. आम्ही बसलो आणि प्रत्येक आकड्यापुढे महिना लिहीत गेलो.

सगळ्यात आधी एपीएस नावाचं प्रमाणपत्र. भारतीय विद्यार्थ्याची कागदपत्रं खरी आहेत याची ती पडताळणी, फी १८,००० रुपये. हा पैसा प्रवेश मिळण्याच्याही आधी जातो. त्यानंतर येतो खरा डोंगर, गोठवलेलं खातं. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, फक्त दर सत्राला थोडी वर्गणी असते. पण व्हिसासाठी एका वर्षाच्या निर्वाहाचे ११,९०४ युरो एका खात्यात आधीच भरून दाखवावे लागतात. मुलगी तिथे पोचली की त्यातले दरमहा ९९२ युरो तिला मिळतात. हिशेबाला सोपं म्हणून युरो शंभर रुपयांचा धरला, तर ११ लाख ९० हजार झाले. वडिलांना वाटत होतं ही फी आहे, गेली ती गेली. ते पैसे मुलीचेच, तिच्याच जेवणाखाण्याचे. फक्त ते एकरकमी आणि विमानात बसण्याच्या कितीतरी आधी लागतात.

“म्हणजे काका, कर्ज मंजूर होऊन चालणार नाही, ते व्हिसाच्या आधी हातात पडलं पाहिजे,” मुलगी म्हणाली. अगदी बरोबर ओळखलं तिने.

तिसरी नोंद वहीत मुळीच नव्हती: पहिले सहा आठवडे. जर्मनीत उतरल्यावर आधी राहण्याचा पत्ता नोंदवायचा, मग तिथल्या बँकेत खातं उघडायचं, तेव्हा कुठे गोठवलेल्या खात्यातून पहिला हप्ता सुटतो. तोवर खोलीचं भाडं आणि अनामत खिशातून. अनामत कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत घेता येते. भाडं साडेचारशे युरो धरलं तर अनामत आणि पहिला महिना मिळून १८०० युरो, म्हणजे १ लाख ८० हजार. इतर नोंदी वहीत होत्याच, दोन वर्षांची सत्रवर्गणी, तिकीट, लॅपटॉप, थंडीचे कपडे. त्यांच्यापुढे महिने घातले. वडिलांनी ‘इतर’ म्हणून बाजूला टाकलेली गोळाबेरीज या सहा आठवड्यांच्या नावावर लावली, तरी एकूण आकडा एकोणतीस लाखांच्या आतच राहिला.

देश बदलला की महिने बदलतात, गाभा तोच. इंग्लंडला निर्वाहाचा पैसा खात्यात सलग अठ्ठावीस दिवस राहावा लागतो, एक दिवसही ठरलेल्या रकमेच्या खाली येऊन चालत नाही. माझ्या पाहण्यातल्या एका मुलाच्या वडिलांनी विसाव्या दिवशी घरच्या लग्नासाठी चाळीस हजार काढले. बाकी सगळी कागदं चोख असूनही व्हिसा नाकारला गेला. तिथल्या आरोग्यसेवेचे वर्षाला ७७६ पौंड आगाऊ भरावे लागतात, तेही बऱ्याच घरांना शेवटच्या आठवड्यात कळतं. आणि जर्मनीतही सगळीकडे फुकट नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात युरोपबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला १५०० युरो पडतात, म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने तर २०२४ पासून सत्राला दोन ते सहा हजार युरोंपर्यंत फी लावली आहे.

मग तारणाची गोष्ट निघाली. बँकांच्या नेहमीच्या पद्धतीत साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागतात. नामांकित विद्यापीठ असेल तर काही बँका विनातारणही देतात, पण यादीत आपलं विद्यापीठ आहे का ते आधी विचारावं. आपल्याकडे जमीन म्हटलं की सात-बारा पुढे येतो. या घरच्या सात-बाऱ्यावर अकरा नावं होती. आजोबा जाऊन तीस वर्षं झाली तरी वाटप नाही. एक आत्या विरारला, एक काका डोंबिवलीला, चुलत्यांची मुलं कुठे कुठे. शिवाय शेतजमीन तारण म्हणून बँका सहसा घेत नाहीत. गावठाणातलं घर आहे, पण त्याला घरपट्टीच्या उताऱ्यापलीकडे कागद नाही. चालण्यासारखी एकच वस्तू निघाली, महाडमधला वडिलांचा आणि आत्याचा सामाईक लहानसा फ्लॅट.

त्याचं खरेदीखत बाहेर आलं तेव्हा मी ते दोन्ही हातांनी धरलं. २२ जुलै २०२१च्या महापुरात ते कपाटात होतं. कडांना अजून सावित्रीच्या गाळाचा पिवळा रंग आहे, शिक्क्याची शाई पसरून मागच्या पानावर उमटली आहे, आणि दोन पानं एकमेकांना चिकटलेली. मुलीच्या आईने ती तव्याच्या उबेवर वाळवली होती. महाडच्या बाजारपेठेत त्या दिवसांत अशी किती कागदं दोरीवर वाळत होती! दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून प्रमाणित नक्कल मिळते, पण तिला वेळ लागतो, आणि तो वेळही आमच्या नव्या रकान्यात आला. ज्या घरात दहावीला मूल आहे त्या घराने हे काम आजच करून ठेवावं.

कर्ज वीस लाखांचं, बाकी घरचं, असं ठरलं. इथे एक गणित मी त्यांना कागदावर करून दाखवलं. व्याज दहा टक्के, शिकत असताना आणि नंतरचे सहा महिने मिळून अडीच वर्षं हप्ता नाही, व्याज साधं. सगळे वीस लाख पहिल्याच दिवशी उचलले तर अडीच वर्षांत पाच लाख व्याज साठतं. दहा आत्ता आणि दहा एक वर्षाने उचलले तर चार लाख. मग चोवीस लाखांवर दहा वर्षांचा हप्ता ३१,७१६ रुपये. घेतलेल्या वीस लाखांचे फेडताना अडतीस लाख होतात.

वडील गप्प झाले. आई आतून म्हणाली, “तिकडे नोकरी लागली की फेडेल की ती.” लागेलही. पण मी नेहमी एकच गोष्ट विचारतो आणि तिथेही विचारली: उद्या तिकडे नोकरी नाही लागली, मुलगी पुण्याला परत आली, तर पुण्याच्या पगारातून हा हप्ता फिटेल का? उत्तर ‘हो’ असेल तरच सही करावी. तिकडच्या अर्धवेळ कामाचा पैसा मी जमेत धरूच देत नाही. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवसांची परवानगी आहे, इंग्लंडात सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांची. पण परवानगी आहे म्हणजे काम मिळेलच असं नाही, आणि परीक्षेच्या महिन्यात तर ते करूच नये.

कर्जाचा पैसा परदेशी पाठवावा आणि घरची शिल्लक इथल्या खर्चाला वापरावी, हेही सांगितलं. स्वतःच्या पैशातून वर्षाला दहा लाखांवर रक्कम बाहेर पाठवली तर बँक टीसीएस हा कर कापते. शैक्षणिक कर्जातून गेलेल्या पैशावर तो नाही. कापलेला कर विवरणपत्र भरून परत मिळतो, पण तोवर अडकतो, आणि अडकलेला पैसा त्या हंगामात फार जड जातो. युरो पाच रुपयांनी चढला तर एका गोठवलेल्या खात्यावरच साठ हजारांचा फरक पडतो, म्हणून बेरजेवर दहा टक्के वेगळे लिहायला लावले. डॉलरने डिसेंबर २०२५ मध्ये नव्वद रुपये ओलांडले, हे त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं.

शिष्यवृत्त्यांबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, कारण आपल्या तालुक्यांतून अर्जच कमी जातात. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या ७५ जागा आहेत, मराठा-कुणबी मुलांसाठी सारथी संस्थेच्या ७५, आणि तिला नाव सयाजीरावांचंच. इतर मागासवर्गीयांसाठी वेगळी योजना, आदिवासी विकास विभागाची वेगळी, आर्थिकदृष्ट्या मागे असलेल्या खुल्या गटासाठी तंत्रशिक्षण संचालनालयाची वेगळी. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या १२५ जागा. टाटांची जे. एन. टाटा एन्डाउमेंट तर १८९२ पासून कर्जाऊ शिष्यवृत्ती देते आहे. विद्यापीठ जागतिक क्रमवारीत अमुक क्रमांकाच्या आत हवं, अशी अट अनेक योजनांत असते. ती प्रवेशाचा अर्ज करण्याआधी वाचायची, नंतर नाही. पोलादपूरच्या एका वाडीतला हुशार मुलगा एवढ्याच कारणाने मुकला, मन अजून दुखतं.

दिवेलागण झाली तेव्हा वहीचा तिसरा रकाना पुरा झाला होता. सगळ्यात वरची ओळ बदलली होती: तिथे आता युरो नव्हते, फ्लॅटच्या सामाईक नावाचं हक्कसोडपत्र होतं, आणि पुढे महिना फेब्रुवारी. वडिलांनी विरारला फोन लावला. मुलीने तो हातातून घेतला आणि म्हणाली, “आत्या, मीच बोलते. शनिवारी येशील का? तुझी सही लागणार आहे.” पलीकडून काय उत्तर आलं ते ऐकू आलं नाही. मुलगी उठून गाडीचं वेळापत्रक बघू लागली.