तीन पिनांचा माईक, खिशातला रेकॉर्डर

जालना-अंबडकडून येणारा रस्ता वडीगोद्रीला धुळे-सोलापूर महामार्गाला मिळतो. या गावाच्या पंचक्रोशीनं गेल्या काही वर्षांत जितके माईक पाहिले, तितके पाहिलेली गावं मराठवाड्यात विरळाच. ऑगस्ट २०२३ मध्ये जवळच्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांचं मराठा आरक्षणासाठीचं उपोषण सुरू झालं. जून २०२४ मध्ये खुद्द वडीगोद्रीत लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे ओबीसी आरक्षणाच्या बचावासाठी बसले. राज्यभरातल्या वाहिन्यांचे बूम इथे येऊन गेले. त्या आधी आणि त्यानंतरही गावोगावच्या सप्ताहांत, कीर्तनांत आणि लग्नांत माईक असतोच.

वाहिन्यांकडे यंत्रसामग्री असते आणि ती हाताळणारी माणसंही असतात. अडचण येते ती तळहातावर मावणारा रेकॉर्डर घेऊन निघालेल्यांची. कुणी स्वतःचं यूट्यूब चॅनल चालवतो, कुणाला सप्ताहातलं काल्याचं कीर्तन जपून ठेवायचं असतं, कुणाला आजीच्या ओव्या. झूम एच-१ किंवा टास्कॅम डीआर-०५ यांसारख्या रेकॉर्डरमध्ये स्वतःचे दोन माईक असतात आणि शांत खोलीत ते झकास चालतात. मंडपात मात्र पंखा, जनरेटर, मागच्या ओळीतली कुजबुज हे सगळं ते वक्त्याच्या आवाजाइतक्याच इमानदारीनं टिपतात. मग कुठून तरी चांगला व्यावसायिक माईक मिळवला जातो. त्याच्या बुडाला तीन पिना, रेकॉर्डरला साडेतीन मिलिमीटरचं भोक. दोन्हीकडे बसेल अशी केबल बाजारात सहज मिळते. ती जोडली, लाल दिवा लागला, रेकॉर्डिंग झालं. घरी येऊन ऐकलं तर एक तर काहीच नाही, नाहीतर नुसती खरखर.

केबल बसली म्हणजे जोडणी झाली, हा गैरसमज इथे नडतो. माईक आणि रेकॉर्डर यांचं तीन बाबतींत जमावं लागतं: तारांची जुळणी, वीजपुरवठा आणि आवाजाची पातळी. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही.

तारांपासून पाहू. व्यावसायिक माईकच्या तीन पिनांपैकी पहिली म्हणजे अर्थिंगची जाळी. दुसरी आणि तिसरी, म्हणजे साउंडवाल्यांच्या भाषेत हॉट आणि कोल्ड, यांच्यावर एकच आवाज असतो, पण एकमेकीच्या उलट. एकीवर विजेचा दाब वाढला की दुसरीवर तितकाच घटतो. यामागे एक साधी युक्ती आहे. वाटेत शेजारच्या वीजवाहिनीची ५० हर्ट्झची गुणगुण किंवा मोबाइलची टिर्रटिर्र केबलमध्ये शिरली, तर ती दोन्ही तारांवर सारखीच शिरते. मिक्सर दोन्ही तारांमधला फरक तेवढा घेतो. उलटा असलेला आवाज दुप्पट होतो आणि सारखा असलेला गोंगाट वजा होऊन जातो. म्हणूनच स्टेजपासून मिक्सरपर्यंत पन्नास-साठ मीटर केबल ओढली तरी आवाज स्वच्छ राहतो.

छोट्या रेकॉर्डरच्या जॅकची मांडणी वेगळी. दुकानात ‘ईपी’ म्हणून मागितल्या जाणाऱ्या या स्टीरिओ पिनेच्या टोकावर डावा आवाज, मधल्या कड्यावर उजवा आणि मागच्या बाहीवर अर्थिंग. इथेही तीन तारा आणि तिथेही तीन, त्यामुळे कुणीतरी सरळ हॉट टोकाला आणि कोल्ड कड्याला जोडतो. बाजारात अशा तयार केबलही आहेत. परिणाम फसवा असतो. हेडफोन लावला तर आवाज येतो, जरा पोकळ, डोक्याच्या मागून आल्यासारखा, पण येतो. कारण डाव्या कानात सुलटा आवाज आणि उजव्या कानात तोच उलटा. हीच फाइल मोबाइलच्या एकाच स्पीकरवर लावली की डावा-उजवा एकत्र होतात, सुलट्यात उलटा मिसळतो आणि वक्ता गायब! अख्ख्या तासाभराचं भाषण असं शून्य होऊ शकतं. फाइल बिघडलेली नसते. संगणकावर एक बाजू टाकून दुसरी दोन्हीकडे घेतली की भाषण परत येतं, पण हे माहीत नसलेला माणूस ती पुसूनच टाकतो.

योग्य केबलमध्ये दुसरी पिन टोक आणि कडं या दोघांनाही जाते, तर पहिली आणि तिसरी मिळून बाहीला. सोल्डरिंगची सवय असलेला कुठलाही रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाला हे काम दहा मिनिटांत करून देईल. अर्थात यात फरक घेण्याची ती युक्ती हरवते, म्हणून केबल जेवढी आखूड तेवढी बरी. लांब अंतर काढायचंच असेल तर बहुतेक अंतर तीन पिनांच्या केबलनं कापावं आणि रेकॉर्डरच्या तोंडाशी छोटा ट्रान्सफॉर्मर असलेला अडॅप्टर लावावा. तो एकमेकींच्या उलट असलेल्या दोन तारांवरचा आवाज नीट उतरवून घेतो आणि रेकॉर्डरकडून येणारी वीजही माईकपर्यंत जाऊ देत नाही.

आता ही वीज कुठून आली?

माईक दोन जातींचे. डायनॅमिक माईकमध्ये चुंबकाभोवती तारेचं वेटोळं हलतं आणि त्यातूनच वीज निर्माण होते, बाहेरून काही द्यावं लागत नाही. कीर्तनकारांपासून रॉक गायकांपर्यंत सगळ्यांच्या हाती दिसणारा, १९६६ साली आलेला शुअर कंपनीचा एसएम-५८ हा याच जातीचा. कंडेन्सर माईक जास्त नाजूक, जास्त बारीक ऐकणारा. त्याच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला वीज लागते. ती त्याच केबलमधून पाठवायची पद्धत म्हणजे फँटम पॉवर, ४८ व्होल्ट. हा ४८ चा आकडाही गमतीचा आहे. १९६६ मध्ये जर्मनीच्या नॉयमन कंपनीनं नॉर्वेच्या सरकारी रेडिओसाठी केएम-८४ हा माईक आणला. हिवाळ्यात उजेड कमी म्हणून त्या रेडिओच्या स्टुडिओंमध्ये जादा दिव्यांसाठी ४८ व्होल्टचा पुरवठा आधीच होता. तोच माईकला वापरला गेला आणि पुढे जगभर प्रमाण ठरला.

खिशातल्या रेकॉर्डरच्या जॅकमधून मात्र दोन-तीन व्होल्टच निघतात. याला प्लग-इन पॉवर म्हणतात आणि ती शर्टाला लावायच्या छोट्या कॉलर माईकसाठी असते. त्यामुळे ४८ व्होल्टचा कंडेन्सर तिथे लावला तर तो मुका. उलट डायनॅमिक माईक लावला आणि केबल साधीच असेल, तर ही नको असलेली वीज त्याच्या वेटोळ्यातून वाहते आणि आवाज बिघडू शकतो. बऱ्याच रेकॉर्डरच्या मेन्यूत प्लग-इन पॉवर बंद करायची सोय असते. डायनॅमिक लावण्यापूर्वी ती बंद करावी, कॉलर माईकसाठी चालू करावी. कंडेन्सरच हवा असेल तर पोटात पेन्सिल सेल घेणारा घ्यावा. रोडचा एनटीजी-२ असा आहे. नाहीतर बॅटरीवर चालणारी फँटमची वेगळी डबी मध्ये जोडावी. पण इतकं करण्यापेक्षा, परवडत असेल तर, तीन पिनांची तोंडं आणि ४८ व्होल्ट दोन्ही असलेला झूम एच-४एन किंवा टास्कॅम डीआर-४० यांच्या पंगतीतला रेकॉर्डरच घेणं शहाणपणाचं. फक्त फँटम चालू केली की सेल झपाट्यानं उतरतात, म्हणून जादा जोडी खिशात हवी.

तिसरी बाब पातळीची, आणि इथेच सर्वात जास्त रेकॉर्डिंगं वाया जातात. एसएम-५८ तोंडाशी धरून खणखणीत बोललं तर जेमतेम दोन मिलिव्होल्ट निघतात. तोच माईक मीटरभर लांब ठेवून साध्या आवाजात बोललं तर तीसेक पट कमी. एवढासा सिग्नल ऐकू येईल असा करायला रेकॉर्डरला आवाज प्रचंड वाढवावा लागतो आणि स्वस्त रेकॉर्डरच्या प्रवर्धकाची स्वतःची सूंऽऽ त्याबरोबर वाढते. कंडेन्सर तेवढ्याच आवाजाला दहा-वीस मिलिव्होल्ट देतो, म्हणून छोट्या रेकॉर्डरशी त्याचं जास्त जमतं. डायनॅमिकची पातळी वाढवणाऱ्या बूस्टर नळ्याही मिळतात, पण त्यांना फँटम लागते. म्हणजे ज्याला त्यांची गरज आहे त्याच्याच रेकॉर्डरवर त्या चालत नाहीत.

मंच गाजवणाऱ्या वक्त्यासाठी ही चर्चा कुणाला किरकोळ वाटेल. ओव्यांच्या बाबतीत ती तशी नाही. गी पॉइटवाँ आणि हेमा राइरकर यांनी उभ्या केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यांचं लेखन आधीपासून होत होतंच. १९९० च्या दशकात संगणकीय संगीत अभ्यासक बर्नार्ड बेल या कामात आले आणि १२० तासांहून जास्त ध्वनिमुद्रण झालं. १९९६ मध्ये गोदावरीपलीकडच्या माजलगावात राधाबाई बोऱ्हाडे यांचा आणि परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसला गंगूबाई अंबोरे यांचा आवाज टिपला गेला. मार्च २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहात ही मुद्रणं ऐकता येतात. गंगूबाईंचा आवाज ऐकल्यावर लिहिलेली ओवी आणि गायलेली ओवी यांतलं अंतर कळतं. ओवी स्वतःशी गायली जाते. ती सभेला ऐकवायची नसते, त्यामुळे आवाज मुळात हळू, आणि शेजारी जातं फिरत असेल तर त्याची घरघर वर. असं टिपायला बसताना माईक जवळ नेण्याइतका उपयोगी दुसरा उपाय नाही. अंतर निम्मं केलं की आवाज जवळजवळ दुप्पट होतो, घरघर तेवढी वाढत नाही आणि रेकॉर्डरची सूं आपोआप दबते. बाईंना संकोच वाटणार नाही इतकंच जवळ जावं, हे वेगळं सांगायला नको.

सप्ताहात याच्या नेमकं उलट होतं. तिथे मंडपवाल्याचा अहुजाचा ॲम्प्लिफायर किंवा मिक्सर आधीच असतो. वेगळा माईक लावण्यापेक्षा त्याच्या लाइन आउटमधून केबल घेतली की सरळ आवाज मिळतो. पण हा लाइन आवाज पाव ते सव्वा व्होल्टचा, म्हणजे माईकच्या दीडशे-दोनशे पट आणि कधी त्याहूनही जास्त. तो माईकच्या भोकात घातला की आवाज फाटतो. पुढे रेकॉर्डरवर लेव्हल कितीही खाली आणली तरी फाटलेलाच राहतो, कारण तो आतल्या पहिल्याच पायरीवर चिरडलेला असतो. रेकॉर्डरला वेगळं लाइन इन असेल तर ते वापरावं. नसेल तर पातळी शंभर पट घटवणारी, ४० डेसिबलची पॅड केबल मध्ये घालावी. मंडपवाल्याला न विचारता त्याच्या मिक्सरला हात लावू नये, हा यातला सर्वात व्यावहारिक नियम. चालू कीर्तनात चुकीच्या भोकात पिन घातली तर स्पीकरमधून निघणारा फटाका महाराजांपासून भजनी मंडळापर्यंत सर्वांच्या लक्षात राहतो.

कीर्तनासाठी ऑटो लेव्हलही बंदच ठेवावी. पखवाजाची थाप आणि टाळांचा कडकडाट आला की ती आवाज खाली ओढते आणि अभंग संपून महाराज बोलायला लागले की हळूहळू वर चढवते. ऐकताना कुणीतरी सारखं आवाजाचं बटण फिरवतोय असं वाटतं. त्यापेक्षा सुरुवातीच्या गजरात सर्वात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी पातळी हातानं लावावी, शक्य असेल तर २४ बिटवर, आणि मग तिला हात लावू नये. अलीकडच्या झूम एफ-३ सारख्या यंत्रांनी ३२ बिट फ्लोट पद्धत आणून पातळीची ही चिंता बरीच कमी केली आहे. तारांची जुळणी आणि ४८ व्होल्ट मात्र त्यांनाही चुकलेले नाहीत.

कार्यक्रमाच्या आधी दोन मिनिटांचं मुद्रण करून ते एकच स्पीकर असलेल्या मोबाइलवर ऐकून पाहावं. केबलची चूक असेल तर आवाज तिथेच गायब होईल. त्याच चाचणीत गावाचं नाव, तारीख आणि गाणाऱ्याचं नाव बोलून ठेवावं, म्हणजे पुढे फाइलचं नाव बदललं तरी ओळख आतच राहते.