समदुःखितांचा आधार

ज्याचे जळते त्याला कळते, अशी मराठीत एक म्हण आहे. इतरांना आपले दुःख कळत नाही, ही कुरकुर तिच्यात असते. परंतु तीच म्हण उलट बाजूने पाहिली, तर तिच्यातून उपचाराचे एक तत्त्व हाती लागते. जळणे म्हणजे काय हे ज्याला ठाऊक आहे, त्याचा शब्द दुसऱ्या जळणाऱ्याला परका वाटत नाही. या तत्त्वाचा एक ठळक अनुभव १९३५ साली अमेरिकेत आला.

त्या वर्षीच्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचे न्यूयॉर्कचे एक शेअरदलाल ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन शहरी कामासाठी गेले होते. दारूने त्यांच्या धंद्याची आणि प्रकृतीची धूळधाण केली होती. आदल्या डिसेंबरात रुग्णालयातील उपचारानंतर त्यांनी ती सोडली. त्यापुढील महिने त्यांनी अनेक मद्यप्यांची मनधरणी करण्यात घालविले. त्यांपैकी एकही सुधारला नाही. विल्सन स्वतः मात्र दारूपासून दूर राहिले.

अ‍ॅक्रनमधील काम फसले. शनिवारी हॉटेलच्या दर्शनी दालनात ते एकटेच येरझारा घालीत होते. एका टोकाला मद्यगृहातील हास्यविनोद ऐकू येत होता, दुसऱ्या टोकाला दूरध्वनी होता. आपला तोल सांभाळावयाचा तर एखादा मद्यपी शोधून त्याच्याशी बोलले पाहिजे, हे त्यांना त्या क्षणी उमगले. ते दूरध्वनीकडे वळले.

दुसऱ्या दिवशी, १२ मे रोजी, त्यांची गाठ डॉ. रॉबर्ट स्मिथ या शल्यचिकित्सकांशी पडली. दारूचे दुष्परिणाम डॉक्टरांना कोणी सांगावयास नको होते. तरीही त्यांची दारू सुटत नव्हती. पंधरा मिनिटांच्या बोलीवर ते आले आणि कित्येक तास बोलत बसले. विल्सन यांनी उपदेश केला नाही. आपली कहाणी सांगितली. पुढे एका वैद्यकीय परिषदेस गेले असता डॉक्टर पुन्हा घसरले, परंतु कोणी त्यांना झिडकारले नाही. १० जून १९३५ नंतर १९५० मधील मृत्यूपर्यंत त्यांनी दारूला स्पर्श केला नाही. तो दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’ या संघटनेचा स्थापनादिन मानला जातो.

या संघटनेत सभासद होण्यासाठी दारू सोडण्याची इच्छा एवढीच अट आहे. फी नाही, आडनाव विचारले जात नाही. येथे काय घडते? व्यसनी माणूस पहिल्याने लपवावयास शिकतो. बायकोपासून, वरिष्ठांपासून, अखेरीस स्वतःपासून. ज्यांनी त्याच थापा मारल्या, त्यांच्यापुढे लपविण्यात अर्थ उरत नाही, आणि लाजेचे ओझे उतरते. शिवाय दहा वर्षे दारू न प्यालेला माणूस शेजारच्या खुर्चीवर बसलेला दिसतो. हे शक्य आहे, असे शंभर व्याख्यानांपेक्षा तो नुसता बसून अधिक पटवून देतो.

भारतात ही चळवळ १९५७ साली आली; आज मराठीतूनही तिच्या सभा भरतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्रातही हेच सूत्र दिसते. एके काळी तेथे रुग्ण म्हणून आलेली कित्येक माणसे पुढे तेथेच कार्यकर्ते झाली. नव्याने आलेल्याची तगमग त्यांना पाहताक्षणी ओळखू येते.

हा आधार वैद्यकाची जागा मात्र घेऊ शकत नाही. अतिमद्यपानाची सवय एकाएकी तोडल्यास झटके येणे, भ्रम होणे, प्रसंगी मृत्यूही संभवतो. तेथे डॉक्टरच हवा. मनोविकारात मित्राच्या सल्ल्याने औषध बंद करणे घातक ठरते. खुद्द विल्सन यांना दारू सुटल्यावरही वर्षानुवर्षे नैराश्याने ग्रासले होते, आणि त्यासाठी त्यांनी मनोविकारतज्ज्ञांचा उपचार घेतला. दोन्ही आधारांची सांगड घातली, तर लाभ होतो. २०२० साली कॉक्रेन या संस्थेने २७ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. या चळवळीच्या सभांकडे रुग्णाला पद्धतशीरपणे वळविणारे उपचार अखंड मद्यमुक्तीच्या बाबतीत इतर प्रचलित उपचारांपेक्षा सरस ठरतात, असे त्यात आढळले.

अ‍ॅक्रनमधील त्या शनिवारी विल्सन यांनी दूरध्वनी केला, तो कोणावर उपकार करण्यासाठी नव्हे. त्यांना स्वतःलाच सावरावयाचे होते. ज्याला त्यांनी हात दिला, त्याच हाताचा त्यांना आधार झाला. बरा होत असलेला माणूस कालपर्यंत केवळ घेणारा असतो; ज्या दिवशी त्याचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडतो, त्या दिवशी त्याने वाया घालविलेली वर्षेही कारणी लागतात.