जांभळाच्या फुलाची टोपी

बदलापूरची जांभळं सर्वांना ठाऊक आहेत. पण जांभळाचं फूल किती जणांनी पाहिलंय? मार्च-एप्रिलमध्ये झाडाखाली बारीक, पांढुरक्या टोप्या पडलेल्या दिसतील. या फुलाच्या पाकळ्या उमलत नाहीत. एकमेकींना चिकटलेल्याच गळून पडतात. फांदीवर उरतो तो पुंकेसरांचा झुपका.

फूल मिळालं नाही तर स्वयंपाकघरातली लवंग घ्या. लवंग म्हणजे जांभळाच्याच प्रजातीतल्या एका झाडाची वाळवलेली कळी. आम्ही ती गरम पाण्यात भिजवतो आणि टोकाची गोळी टाचणीनं अलगद सोडवतो. पाकळ्यांची टोपी निघते, आत दुमडलेले पुंकेसर दिसतात. याच मिर्टेसी कुळातल्या नीलगिरीच्या कळीचीही टोपी पडते. पेरूच्या पाकळ्या मात्र सुट्या, झुपका तोच.

बदलापुरात वस्ती झपाट्यानं वाढली आहे. बी लावून वाढवलेल्या जांभळाला फळ धरायला साधारण आठ-दहा वर्षं लागतात. म्हणजे पहिलीतल्या मुलानं आज बी पेरलं, तर फळ खाताना ते शाळा सोडण्याच्या बेतात असेल. तेव्हा शाळेजवळ उभं असलेलं झाड मुलांना आधी ओळखू द्या. ओळखीचं झाड तोडायला निघालं, तर निदान कुणीतरी विचारेल.