मूळ एमजीबी कोणती?

इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यातून १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक एमजीबी गाड्या बाहेर पडल्या. उघड्या टपाची, दोन माणसांची, १७९८ सीसी इंजिनाची ही स्पोर्ट्‌स कार. १९६५ पासून तिची बंद टपाची जीटी आवृत्तीही निघाली. ती काही धनिकांसाठी बनवलेली नव्हती. मध्यम पगाराच्या माणसाला परवडावी अशी तिची किंमत होती, आणि म्हणूनच पुढे तिची दुरुस्तीही मालकांच्या घरच्या गॅरेजात होऊ लागली. अशा गाड्यांच्या शौकिनांमध्ये एक जुना तंटा आहे. एक पक्ष म्हणतो, गाडी कारखान्यातून निघाली तशीच राहिली पाहिजे, स्क्रूसुद्धा त्याच जातीचा हवा. दुसरा म्हणतो, गाडी चालवायची असेल तर तिच्यात सुधारणा करायला हरकत काय? एमजीबीच्या बाबतीत पहिल्या पक्षाची बाजू दिसते तितकी भक्कम नाही, असं मला वाटतं. हिचं ‘मूळ’ रूप नक्की कोणतं हे ठरवता ठरवता दमछाक होते, आणि ती आजवर टिकली त्यात मालकांनी केलेल्या बदलांचा वाटा मोठा आहे.

अठरा वर्षांत कारखान्यानेच ही गाडी किती बदलली ते पाहा. पहिल्या गाड्यांच्या इंजिनात क्रँकशाफ्टला तीन मुख्य बेअरिंगं होती. १९६४ च्या अखेरीस ती पाच झाली. १९६७ पर्यंत वायरिंगमध्ये बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असे, नंतर ऋण टोक जोडलं गेलं आणि डायनॅमो जाऊन अल्टरनेटर आला. सर्वांत मोठा घाव १९७४ च्या उत्तरार्धात बसला. अमेरिका ही या गाडीची मुख्य बाजारपेठ, आणि तिथल्या बंपरच्या नियमांसाठी चकचकीत क्रोमचे बंपर काढून काळे, जाडजूड, रबरी दिसणारे बंपर बसवले गेले. बंपरची उंची नियमात बसावी म्हणून अख्खी गाडीच वर उचलली. त्यामुळे ती वळणावर पूर्वीपेक्षा जास्त कलू लागली. पाठोपाठ अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांचे दोन एसयू कार्ब्युरेटर जाऊन एकच आला, धूर कमी करणारी यंत्रणा वाढली आणि मुळात ९५ च्या आसपास असलेली अश्वशक्ती साठीवर घसरली. आता १९७६ च्या गाडीचा मालक घरी बसून ती खाली घेतो, क्रोमचे बंपर लावतो, दोन कार्ब्युरेटर चढवतो. त्याने गाडी बिघडवली की ज्यांनी ती आखली त्यांच्या मनातलं रूप तिला परत दिलं? कारखान्याच्या नोंदीप्रमाणे हा बदल आहे. आखणीच्या दृष्टीने पाहिलं तर ही दुरुस्तीच ठरते. दोन्ही उत्तरं प्रामाणिक आहेत, आणि ‘मूळ’ या एका निकषावर त्यांच्यातला निवाडा होत नाही.

खरी झुंज असते ती गंजाशी. आधीच्या एमजीएला स्वतंत्र चॅसी होती; एमजीबीत पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. तिची बरीचशी ताकद दाराखालच्या उंबऱ्यात, म्हणजे सिलमध्ये असते. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा, मधला उभा पडदा आणि खालची पट्टी अशी मिळून ती एक बंद पेटी होते. या पेटीत पाणी आणि चिखल शिरतो, तिथेच मुरतो, आणि पत्रा आतून खात जातो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतलं बहुतेक संपलेलं असतं. वर्षानुवर्षं अनेक गॅरेजांनी यावर सोपा इलाज केला: सडलेल्या सिलवर नवा पत्रा झाकून वेल्डिंग मारायचं, लांबी भरायची आणि रंग द्यायचा. गाडी दिसायला ठीक, सांगाडा पोकळ. काळजीने काम करणारा घरचा मालक उलट वाटेने जातो. कापण्याआधी दाराच्या चौकटीत लोखंडी आडवा टेकू वेल्ड करतो, नाहीतर उघड्या टपाची बॉडी मधोमध बसते आणि दार पुन्हा कधीच नीट लागत नाही. एका वेळी एकच बाजू उघडतो, प्रत्येक टप्प्याला दाराच्या फटी मोजतो, कारखान्यातल्या स्पॉट वेल्डच्या जागी भोकं पाडून ती मिग वेल्डने भरतो आणि शेवटी पेटीच्या आत मेणाचा फवारा मारतो. हे मेण कारखान्याने घातलेलं नव्हतं. म्हणजे अत्यंत कर्मठ मालकाची गाडीसुद्धा ॲबिंग्डनच्या गाडीपेक्षा वेगळी, आणि एका अर्थी बरी असते. जॉन हेन्स यांनी १९६६ मध्ये ऑस्टिन-हीली स्प्राइट या गाडीवर पहिली दुरुस्ती-पुस्तिका काढली, तेव्हापासून गाडी खरोखर खोलून, पायरीगणिक फोटो काढून शिकवण्याची पद्धत रूढ झाली. हौशी माणसाच्या हाती एवढं अवघड काम आलं त्यात तिचा मोठा हात आहे.

असे मुकाट्याने स्वीकारलेले बदल आणखी आहेत. ब्रिटनमध्ये १९९९ अखेर शिसंयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री थांबली. शिशाअभावी जुन्या इंजिनांच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीट झिजतात, म्हणून मालकांनी हेड उतरवून कडक सीट बसवून घेतल्या. २०२१ मध्ये दहा टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलं, तेव्हा ते सोसणारे नवे रबरी पाइप घातले. यात कुणालाही धर्म बुडाल्यासारखं वाटलं नाही. हा प्रश्न आपल्याला परकाही नाही. एमजीबीचं इंजिन बीएमसीच्या बी-सिरीज कुळातलं, आणि आपल्या ॲम्बेसेडरमध्ये वर्षानुवर्षं चाललेलं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन त्याच कुळातलं. इकडच्या मिस्त्रींनी ते हजारदा उघडलं, रीबोअर केलं, चालतं ठेवलं. मूळपणाची चर्चा करायला त्यांना सवड नव्हती.

बदल करणाऱ्यांकडून खुद्द कंपनीही शिकली. केन कॉस्टेलो या शर्यतपटूने १९७० च्या सुमारास आपल्या छोट्या वर्कशॉपमध्ये रोव्हरचं ३५२८ सीसी व्ही-८ इंजिन एमजीबीत बसवायला सुरुवात केली. हे इंजिन मुळात ब्यूकचं, ॲल्युमिनियमचं; आठ सिलिंडर असूनही त्याचं वजन एमजीबीच्या बिडाच्या चार सिलिंडर इंजिनाच्या आसपास, त्यामुळे गाडीचा तोल बिघडत नसे. १९७३ मध्ये ब्रिटिश लेलँडने स्वतःची एमजीबी जीटी व्ही-८ आणली आणि १९७६ पर्यंत २,५९१ गाड्या बनवून ती बंद केली. पुढे १९८८ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेने जुनी साचे-हत्यारं गोळा करून एमजीबीची कोरी बॉडी पुन्हा बनवायला घेतली. गिऱ्हाईक कोण? जुनी गाडी वाचवू पाहणारे मालक. या धंद्याच्या पायावरच १९९० च्या दशकात एमजी आरव्ही-८ ही नवी गाडी उभी राहिली. जेमतेम दोन हजार बनल्या आणि बहुतेक जपानला गेल्या.

यावर पहिला आक्षेप वजनदार आहे: सगळंच बदललं तर ती तीच गाडी कशी? इंग्लंडच्या उच्च न्यायालयासमोर १९९० मध्ये नेमका हाच प्रश्न आला. १९२९ आणि १९३० ची ल मां शर्यत जिंकलेली ‘ओल्ड नंबर वन’ ही बेंटली एक कोटी पौंडांना विकायचं ठरलं. मग ही खरी गाडीच नव्हे म्हणून घेणाऱ्याने हात वर केले. तिचे बहुतेक भाग बदललेले होते हे खरं होतं. तरी न्या. ओटन यांनी तिचा इतिहास अखंड आहे, ती एका फटक्यात दुसरी गाडी झालेली नाही, या आधारावर ती अस्सल मानली. ब्रिटिश परवाना खात्याने अनेक वर्षं वापरलेली गुणपद्धतही याच वळणाची: जुना नंबर टिकवायला किमान आठ गुण लागत; मूळ बॉडीचे पाच, सस्पेन्शन, ॲक्सल, गिअरबॉक्स आणि स्टिअरिंगचे प्रत्येकी दोन, आणि इंजिनाचा फक्त एक. इंजिनाला एवढी कमी किंमत असावी हे मला पटतं.

दुसरा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. १९६७ ते १९६९ या काळात सुमारे नऊ हजारच बनलेली एमजीसी किंवा कारखान्याची व्ही-८ जीटी हातात असेल, तर तिथे ग्राइंडर लावण्याआधी दहादा विचार करावा. थोड्या असलेल्या वस्तूत प्रत्येक नग हाच पुरावा असतो. पाच लाखांतल्या एका गाडीवर तेवढं ओझं नाही. तिसरा, सुरक्षिततेचा आक्षेप मात्र मला सर्वांत खरा वाटतो. चाळीस वर्षांवरच्या, मोठे बदल न केलेल्या गाड्यांना ब्रिटनने २०१८ पासून वार्षिक तपासणीतून सूट दिली आहे. घरी वेल्ड केलेल्या सिलकडे तिऱ्हाइताने पाहण्याची जिथे सर्वाधिक गरज, तिथेच कायद्याने डोळे मिटले. शहाणे मालक स्वेच्छेने तपासणी करून घेतात. तशी सक्तीच हवी. खर्च गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होतो, हा चौथा आक्षेप मी फारसा मनावर घेत नाही. छंदाचा हिशेब पुनर्विक्रीवर कुणीच करत नाही.

आपल्याकडचे नियम याहून कडक आहेत. फॅक्टरीने ठरवलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलांशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ च्या आधारे स्पष्ट केलं. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या वाहनांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी आणली: शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि अट अशी की चॅसी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. हेतू चांगला आहे, पण सडलेला सिल कापून त्याच मापाचा नवा बसवणं आणि बॉडीचा आकारच बदलणं यांत या भाषेत पुरेसा भेद नाही. तो करायला हवा, आणि ब्रिटिशांच्या गुणपद्धतीसारखं काहीतरी आपल्या परिवहन खात्याने अभ्यासायला हरकत नाही. तोवर ज्यांच्या आवारात एखादी जुनी गाडी ताडपत्रीखाली उभी असेल, त्यांना एवढीच विनंती: काम सुरू करण्याआधी चॅसी आणि इंजिन नंबरांचे फोटो काढा, प्रत्येक टप्प्याची तारीखवार नोंद ठेवा, पावत्या जपा, आणि काढलेला भाग भंगारवाल्याला देण्याऐवजी चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवा.